खापरपणजोबांचा नांगर: साठीनंतर इतिहासाच्या नादी लागणाऱ्यांसाठी

शाळेत इतिहास या विषयाशी माझं कधी पटलं नाही. सनावळ्या पाठ करायच्या, 'कारणे लिहा' म्हटलं की पाच कारणं लिहायची आणि काठावर पास व्हायचं. पुढे ३४ वर्षं बँकेत गेली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माहेरी, साताऱ्याच्या माण तालुक्यात, भावाने माळा साफ करायला काढला. एका पत्र्याच्या पेटीत तांब्याची दोन भांडी, फुटका कंदील आणि कापडात गुंडाळलेले चार कागद निघाले. अक्षर मोडी. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण एका कागदाच्या तळाशी सहीच्या जागी कुणीतरी छोटासा नांगर काढला होता. चार रेघा, मुलं काढतात तसा.

आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळल्या, पण असली सही पाहिली नव्हती. जुन्या काळी लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करायचा आणि लोहार-सुतार आपापल्या हत्यारांची, हे मला नंतर समजलं. त्या नांगरामुळे माझी पुढची पाच वर्षं कुठे गेली, ते आता सांगते. सांगताना तुम्हाला कुठून सुरुवात करता येईल तेही येईलच.

पहिली पायरी: एकच वस्तू धरा

उतारवयात हा नाद लागला की माणूस आधी दुकानात जाऊन जाडजूड ग्रंथ आणतो. मीही आणले. पहिल्याच्या चाळिसाव्या पानावर डुलकी लागली. ग्रंथ चांगले होते, पण माझ्या मनात प्रश्नच नव्हता, मग उत्तरं कुठे ठेवणार?

म्हणून सुरुवात घरातल्या एका वस्तूपासून करा. गहाणखत, आजोबांचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र, लग्नाची याद, देवघरातलं नाणं, यातलं काहीही चालेल. घरात काहीच नसेल तर गावच्या मारुतीच्या देवळामागे एक चक्कर मारा. तिथे कोरीव दगड उभे असतात आणि लोक त्यांना बिनदिक्कत शेंदूर फासतात. त्यांतले पुष्कळ वीरगळ निघतात. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर असतो. शेजारी गाई कोरल्या असतील तर तो गोधन सोडवताना गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन निघाल्या आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसला आहे. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. मुंबईकरांनी गाव नाही म्हणून हळहळू नये, बोरिवलीजवळच्या एक्सरला जाऊन यावं. तिथल्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे.

दगड बघायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने धरला तरी तेच होतं. खडूने अक्षरं गिरवू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. आणि खणताना नाण्यांचा गाडगा सापडला तर तो पिशवीत घालून घरी आणायचा नसतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये! कायद्यात महागाई शिरलेली नाही.

दुसरी पायरी: कागदाला त्रास देऊ नका

चार कागदांतल्या एकाला मी हौसेने लॅमिनेशन करून आणलं. ही चूक माझी आणि ती आता दुरुस्त होत नाही. उष्णतेने कागद प्लॅस्टिकला कायमचा चिकटतो. सेलोटेपही तितकाच वाईट, काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो. घडी सुटत नसेल तर इस्त्री फिरवू नका, स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या. नंतर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. पेशवाईचं दफ्तरही असंच कापडात बांधलेलं असतं आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि पुढचं सगळं वाचन फोटोवरून करा. मोबाइलवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. चाळिशीच्या चष्म्याला त्यासारखा दुसरा आधार नाही.

पाठकोरी बाजू विसरू नका. माझ्या कागदाच्या मागच्या बाजूला काय होतं ते शेवटी सांगते.

तिसरी पायरी: आधी आकडे, मग अक्षरं

मोडी शिकायची म्हटलं की लोक दचकतात. कारण साधं आहे. शब्द तोडलेले नसतात, आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवलेला नसतो आणि प्रत्येक लेखकाचं वळण निराळं. बोरू न उचलता भराभर लिहिता यावं म्हणूनच तर ही लिपी. पण आपल्याला एक मोठी सवलत आहे, भाषा मराठीच आहे. आणि आकडे बरेचसे देवनागरीसारखेच असतात. म्हणून कागद समोर घेऊन पहिल्यांदा फक्त आकडे शोधा. कुठला शक आहे, कुठली रक्कम आहे, कुठलं क्षेत्र आहे, एवढं कळलं तरी कागद कशाचा आहे याचा अंदाज येतो.

रकमेत आकड्यांनंतर उभ्या रेघा दिसतील. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाचे आणे १६, आण्याच्या पया १२. हे वाचताना मला काउंटरवर परत बसल्यासारखं वाटलं.

अक्षरांसाठी माझा सल्ला असा, की वाचण्याआधी लिहा. रोज पंधरा मिनिटं, दुरेघी वहीत, आधी स्वतःचं नाव, मग घरातल्यांची, मग किराण्याची यादी. हाताला वळण बसलं की डोळ्याला ते ओळखू येतं. मला जेमतेम वाचता यायला आठ महिने लागले. नवरा म्हणायचा, "डाळ, साखर, रवा एवढंच लिहितेस, तर मराठीत लिही, मला दुकानात जायचंय." राज्य पुराभिलेख विभाग आणि इतर काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. एकटीने शिकण्यापेक्षा वर्गात जाणं बरं, कारण अडलेला शब्द शेजारची व्यक्ती सहज वाचते आणि तिचा अडलेला आपल्याला दिसतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम केवढा भाव आला, ते आठवत असेलच.

जुन्या कागदांतले काही शब्द आधीच माहीत असले की वेळ वाचतो. मौजे म्हणजे गाव, कसबे म्हणजे बाजारपेठेचं मोठं गाव, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. 'बिन' सापडला की बापलेकांची नावं एका दमात हाती येतात.

चौथी पायरी: तारीख टॅली करा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पहिली चूक माझीच.

नांगराची सही असलेला माझा कागद म्हणजे खापरपणजोबांनी शेत गहाण टाकल्याचं खत. त्यावर इंग्रजी तारखेचा कोपरा वाळवीने खाल्लेला होता. उरलं होतं ते 'शके १७९८ धातानाम संवत्सरे माघ वद्य'. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेतलं आठवत होतं. १८७६ असं लिहून मी मोकळी झाले. ते चुकलं होतं. शक बदलतो गुढीपाडव्याला, इसवी सन बदलतो जानेवारीत. त्यामुळे चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ, फाल्गुन असेल तर डोळे मिटून ७९. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष हा सांध्याचा काळ, तिथे त्या वर्षीचं पंचांग पाहावं लागतं. म्हणजे माझा कागद १८७७ च्या जानेवारी-फेब्रुवारीतला.

ओळखीच्या तारखांवर हे करून बघा, पक्कं बसेल. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ज्येष्ठ आहे म्हणून ७८, आले १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. फाल्गुन आहे म्हणून ७९, आले १६३०. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, तेव्हा जानेवारी लागलेला होता म्हणून ७९, आले १७६१.

आता कॅशियरची खरी गंमत. शकाबरोबर संवत्सराचं नाव लिहिलेलं असतं, ती दुसरी नोंद समजा. दोन्ही नोंदी जुळल्या पाहिजेत. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल त्या क्रमांकाचा संवत्सर. साठ नावांची यादी पंचांगात सापडते, सुरुवात प्रभवपासून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. १७९८ अधिक १२ म्हणजे १८१०, साठाने भागून बाकी १०, दहावा संवत्सर धाता. जुळलं! राज्याभिषेकाचा शक घ्या: १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा आनंद. त्या वर्षाचं नाव आनंदनाम संवत्सरच आहे. शकातला एखादा आकडा पुसट असेल तर संवत्सरावरून तो भरता येतो. आणि दोन्ही जुळत नसतील तर एक तर तुमचं वाचन चुकलंय किंवा कागदातच काहीतरी गडबड आहे. हे गणित आपल्याकडच्या मोजणीचं, उत्तरेकडच्या संवत्सरांना लावू नका.

पेशवेकालीन कागद असेल तर तिसरंच प्रकरण निघतं, शुहूर सन. आकडे अरबी शब्दांत आणि एकं आधी. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६००. हे पानिपताचंच साल. हे वर्ष सुरू होतं मृग नक्षत्र लागताना, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणीपासून वर्ष मोजायचं ही कल्पना मला तरी पाडव्याइतकीच पटली.

पाचवी पायरी: त्या वर्षी आजूबाजूला काय चाललं होतं?

१८७७ हे साल नक्की झालं आणि मी पहिल्यांदा नीट बसून इतिहास वाचला. १८७६ चा पाऊस दगा देऊन गेला होता. दख्खनपासून मद्रासपर्यंत दोन वर्षं दुष्काळ पडला. तमिळ मुलखात तर त्याला धाता वर्षाचा दुष्काळ म्हणूनच ओळखतात, म्हणजे माझ्या कागदावरचंच नाव. सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, १८८५ साली छापलेलं आहे आणि ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. शेतीच्या प्रकरणात दुष्काळांची हकिगत आहे. माणच्या माणसाने माघात शेत गहाण का टाकलं, याचं उत्तर मला कुणी तोंडी सांगायची गरज राहिली नाही.

त्याच्या दोनच वर्षं आधी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोख्यांची होळी केली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांचा रोख कागदावर होता. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारे वासुदेव बळवंत फडके दुष्काळी मुलूख पाहून आले आणि १८७९ मध्ये बंडात उतरले. ही सगळी नावं मी शाळेत वेगवेगळ्या धड्यांत पाठ केली होती. ती माणसं एकाच पावसाची वाट बघत होती, हे साठाव्या वर्षी कळलं.

तुमच्या कागदालाही असंच करा. साल पक्कं झालं की आधी आपल्या जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडा आणि पाऊस, भाव, रोगराई, रस्ते, बाजार एवढंच वाचा. जातीजमातींच्या स्वभावाबद्दल साहेबाने जे लिहिलंय ते साहेबाबद्दल जास्त सांगतं, ते पुढे ढकला.

आणि इथे आपली नोकरी कामाला येते. नर्स राहिलेल्या बाईला १८९७ च्या प्लेगचे कागद जितके कळतील तितके मला कळणार नाहीत. एस.टी. चालवलेल्या माणसाला जुना घाटरस्ता कुठून गेला असेल हे नकाशाशिवाय दिसतं. शिंपी, गवंडी, तलाठी, कुणीही असा, तुमच्याकडे एक नजर तयार आहे. ती घरी ठेवून प्राध्यापकांची नक्कल करू नका.

सहावी पायरी: व्हाउचर आणि वार्षिक अहवाल

साधनं सगळी सारख्या वजनाची नसतात. बँकेत व्हाउचर त्याच क्षणी फाटतं, लेजर संध्याकाळी लिहिलं जातं आणि वार्षिक अहवाल भागधारकांना बरं वाटावं म्हणून छापतात. पत्र, पावती, रोजकीर्द, महजर (म्हणजे गावसभेचं निवाडापत्र) ही व्हाउचरं. बखर हा अहवाल. बखरींतही फरक असतो. सभासदाची बखर महाराजांच्या काळात वावरलेल्या माणसाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली. चिटणिसांची बखर त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी, साताऱ्यात. दोन्ही वाचाव्यात, पण दोन्हींवर सारखाच भरवसा टाकू नये. कुटुंबाच्या ग्रुपवर पहाटे येणाऱ्या 'खऱ्या इतिहासा'ला एवढंच विचारा: हे लिहिलं कुणी, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि मूळ कागद आहे कुठे? आमच्या ग्रुपवर हे विचारल्यापासून मला कमी फॉरवर्ड येतात.

सातवी पायरी: दफ्तरात आणि ओसरीवर

घरचा कागद वाचून झाला की बाहेर पडा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, मुंबईत फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. जाताना ओळखपत्र, अर्ज, पेन्सिल, चष्मा आणि डबा घ्या. 'शिवकालातलं काहीतरी दाखवा' म्हणाल तर कुणी काही दाखवू शकणार नाही. गाव, तालुका आणि वर्षांचा पट्टा लिहून न्या. पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने याल, मी तीनदा आले. चेन्नईकडे राहणाऱ्यांनी तंजावरला जावं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा भलामोठा मराठी लेख आहे, तोही देवनागरीत.

वंशावळ हवी असेल तर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. कुळाचं नाव आणि मूळ गाव सांगितलं की पिढ्यान् पिढ्या आलेल्यांच्या नोंदी निघतात. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येतात, त्यांच्याकडेही कुळाची माहिती असते. जन्ममृत्यूच्या नोंदीसाठी तहसील कचेरीत कोतवाल बुकाची चौकशी करा, गाव नमुना १४.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, ती गांगरतात. आमच्या भागात मी असं विचारते: "आत्या, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?" भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. तो कुणी विसरत नाही. "बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण जात होतं?" म्हटलं की सुकडीच्या चवीपासून मुकादमाच्या स्वभावापर्यंत सगळं निघतं. पुण्यात पानशेतचा पूर चालतो, १२ जुलै १९६१. फोन समोर ठेवून, विचारून रेकॉर्ड करा. आणि चहा संपला तरी उठू नका, कामाचं बोलणं त्यानंतरच सुरू होतं.

जे मिळेल ते एका वहीत. काय मिळालं, कुठे, कुणाकडे, कोणत्या दिवशी पाहिलं. न वाचता आलेल्या शब्दाच्या जागी टिंबं द्या, अंदाजाने भरू नका. सहा महिन्यांनी तोच शब्द आपोआप वाचता येतो.

वयाचं काय?

रियासतकार म्हणून ओळखले जाणारे इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई १८६५ साली जन्मले. बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला राहायला आले आणि पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी त्यानंतर संपादित केले, १९३० ते १९३४ या काळात. ऐंशी ओलांडल्यावर मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहिला. अर्थात ते तरुणपणापासून लिहीत होते, आपली बरोबरी नको. पण साठीनंतर डोळे आणि गुडघे किती साथ देतात याची काळजी करणाऱ्यांनी ते ४५ खंड एकदा ग्रंथालयात कपाटात लावलेले पाहून यावेत.

राहिली पाठकोरी बाजू. गहाणखताच्या मागे वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने दीड ओळ आहे. 'रुपये' वाचता येतं, त्यापुढचा आकडा वाळवीने नेला. परतफेडीची नोंद असावी, पण सगळी की अर्धी हे कळत नाही. शेत आजही आमच्याच सातबाऱ्यावर आहे, म्हणजे ते सुटलं. केव्हा आणि कशाने, हे शोधायचंय. भावाच्या माळ्यावर अजून एक पेटी आहे, तिची किल्ली हरवलीय. येत्या रविवारी कुलूपवाला येतोय.